बायोप्सीचा तुकडा हातात घेण्याआधी: हिस्टोपॅथॉलॉजीत नव्याने येणाऱ्यांसाठी

डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) झालेल्या बहुतेकांना रक्त-लघवीच्या तपासण्यांचं खातं हवं असतं. हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली तपासणं, म्हटलं की नाकं मुरडतात: तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मलिनचा झोंबरा वास, झायलीन नावाचं द्रावक, उभ्याचं काम. तरी मी म्हणेन, इकडे या. कॅन्सर आहे की नाही, हे बहुतेक वेळा इथल्या काचपट्टीवरच ठरतं.

स्कॅनवर गाठ कुठे, केवढी, कुठवर गेली ते कळतं. मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रेच्या) रिपोर्टवर बायरॅड्स, म्हणजे कॅन्सरचा संशय किती ते सांगणारा आकडा, ४ किंवा ५ असेल, तर सहसा बायोप्सीच सुचवतात. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज देतात. कॅन्सरच्या पेशी ते भरपूर ओढून घेतात, पण टीबीच्या गाठीही तशाच चमकतात. आपल्याकडे टीबी केवढा! नुसत्या चमकण्यावर केमो कोण सुरू करणार? म्हणून सुई, म्हणून तुकडा. (सुई लावली की कॅन्सर पसरतो, हे घरोघरी ऐकाल. त्या भीतीने तपासणी लांबते, नुकसान त्याचंच जास्त.)

नमुना आला की आधी बाटलीवरचं नाव, नंबर आणि बाजू फॉर्मशी ताडून बघा. डावं-उजवं जुळत नसेल तर पाठवणाऱ्याकडून खुलासा होईपर्यंत पुढे सरकू नका, वॉर्डातून कितीही फोन येवोत. मग फॉर्मलिन बघा. ते तुकड्याच्या निदान दहापट हवं. रात्रभर सलाइनमध्ये राहिलेला तुकडा आतून सडू लागतो आणि मग कितीही भारी मायक्रोस्कोप असला तरी उपयोग नाही. स्तनाचा नमुना ६ ते ७२ तास फॉर्मलिनमध्ये राहायला हवा, नाहीतर ईआर, पीआर, हर-टू या पेशींमधल्या प्रथिनांच्या पुढच्या तपासण्यांवर भरवसा ठेवता येत नाही. औषधं त्यांवरच ठरतात.

अल्कोहोल, झायलीन, मेण हे टप्पे मशीन करतं. मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, मात्र तुमचा हात लागतो. ३-४ मायक्रॉनचे काप, बर्फावर थंड केलेला ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा), चाकाचा एकसारखा वेग. सुरुवातीला रिबन (कापांची सलग पट्टी) तुटेल, सुरकुत्या पडतील. महिनोन् महिने जातात. फुप्फुसाची कोअर बायोप्सी (जाड सुईने काढलेली) म्हणजे दोऱ्याएवढा तुकडा. ट्रिमिंग करताना, म्हणजे ब्लॉकवरचं वरचं मेण तासताना, घाई केली तर निम्मा माल कचऱ्यात जातो आणि ईजीएफआर या जनुकाच्या तपासणीला काही उरत नाही.

काउंटरवर नातेवाईक विचारतील, "दादा, गाठ साधीच आहे ना?" तुम्हाला स्लाइड बघून अंदाज आला असला तरी बोलू नका. रिपोर्ट पॅथॉलॉजिस्टचा. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाणाऱ्यांना स्लाइडबरोबर ब्लॉकही लागतात. देताना नंबर पुन्हा बघा, रजिस्टरवर सही घ्या आणि गाडीत उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडतं, एवढं बजावून सांगा.