मुलगा लखनौच्या ए.एम.सी. सेंटरला निघालाय : घरच्यांसाठी तयारीची यादी

फौजेच्या वैद्यकीय दलात, म्हणजे आर्मी मेडिकल कोअरमध्ये (ए.एम.सी.), नर्सिंग असिस्टंट म्हणून निवड झाली, जॉइनिंगची तारीख हातात पडली, की आपल्या सोलापूरकरांच्या घरात सगळ्यात आधी पेटी भरायची धांदल सुरू होते. पेटी हा या यादीतला सगळ्यात लहान भाग आहे. वर्दी, बूट, पांघरूण सेंटरमध्ये मिळतं. उरलेलं तिथल्या कॅन्टीनमध्ये. आईवडिलांनी आपला जीव कागदांत, फोनच्या सवयीत आणि स्वतःच्या जिभेवर ताबा ठेवण्यात घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी कागद. आपल्याकडे नावांचा घोळ ठरलेला. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. आईचं नाव शाळेच्या दाखल्यावर सुरेखा, आधारवर सुरेखाबाई, रेशनकार्डावर तिसरंच काहीतरी. जन्मतारखांचं तर विचारूच नका. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरसकट 1 जून लिहून टाकलेली पिढी अजून घराघरांत आहे. एरवी हे चालून जातं. पण मुलगा भरती झाल्यावर घरच्यांची माहिती भरून देतो, त्याला फौजेत किंड्रेड रोल म्हणतात, आणि त्यात जे नाव, जी तारीख जाईल ती त्याच्या रेकॉर्डला चिकटते. पुढे आईवडिलांचं डिपेंडंट कार्ड, विम्याचा नॉमिनी, सगळं त्याच नोंदीवरून. मग दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, राजपत्र अशी वणवण होते, तीही मुलगा हजार किलोमीटरवर असताना. त्यामुळे तो निघायच्या आधीच आई, वडील आणि मुलगा यांचे आधार, पॅन, बँक पासबुक आणि शाळेचे दाखले एका टेबलावर मांडा आणि एकेक अक्षर जुळवून बघा. न जुळणारं आधार केंद्रावर जाऊन आताच सरळ करून घ्या. चारित्र्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, तो फार आधी काढून ठेवला तर वाया जातो. डोमिसाईल, जातीचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, बारावी सायन्सच्या गुणपत्रिका यांचे मूळ कागद त्याच्याजवळ, झेरॉक्सचा एक संच त्याच्या पेटीत, एक घरी, आणि फोनमध्ये स्कॅन. पासपोर्ट साईझचे फोटो भरपूर द्या, कमीच पडतात. कुठे अडलंच तर आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. चहाच्या टपरीवरच्या सल्ल्यापेक्षा ते बरं.

बँकेचं थोडक्यात. खातं त्याच्या नावावर, नॉमिनी आई किंवा वडील, एटीएम कार्ड त्याच्याच खिशात. पहिल्या पगाराच्या भरवशावर घराचा हप्ता, बहिणीचं लग्न किंवा बुलेट यातलं काहीही ठरवू नका.

आता शरीर. मेडिकल पास झालंय म्हणून गाफील राहू नका. दात किडलेला असेल तर डेंटिस्टकडे, कानात मळ असेल तर कानाच्या डॉक्टरकडे आताच न्या. निघायच्या आधीच्या आठवड्यांत पळणं हळूहळू वाढवावं, नवे कोरे बूट घालून एकदम दहा किलोमीटर नको. रंगरुटांच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा जाणं, ज्याला डॉक्टर स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, ही ट्रेनिंगमधली नेहमीची दुखापत आहे, आणि ती बहुतेक वेळा भार अचानक वाढल्यानं होते. इथे घरच्यांचं एक काम महत्त्वाचं. पोरं दुखणं लपवतात, कारण आजारी पडून दिवस बुडाले तर मागच्या बॅचमध्ये टाकतात, त्याला रेलिगेट होणं म्हणतात. फोनवर ‘पाय दुखतोय’ म्हणाला, की आपल्याकडचा बाप पटकन ‘सहन कर, फौजी आहेस’ म्हणतो. असं म्हणू नका. ‘उद्या सकाळी एम.आय. रूमला (सेंटरमधल्या तपासणीच्या दवाखान्यात) जा’ एवढंच सांगा. एक महिना मागे पडलेला मुलगा पुढे उत्तम सैनिक होतो. मोडलेल्या पायावर पळालेला होत नाही. बरोबर गोळ्यांचा डबा देऊ नका. कशाची ॲलर्जी असेल तर ती मात्र कागदावर लिहून द्या आणि त्याच्याकडून पाठ करून घ्या.

हवामानाचा विचार सोलापूरकरांनी वेगळा करायला हवा. चाळीसच्या वरचं ऊन आपल्या पोरांना नवं नाही, लखनौची थंडी आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथे धुकं आणि पारा एक आकडी. आतून घालायचे गरम कपडे द्या, साधे, बिनचित्रांचे. आजीला चादर द्यायचीच असते, आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असल्याचा अभिमान आपल्या सगळ्यांनाच आहे, पण ती सुती आहे आणि बराकीत सगळ्यांचे बिस्तर एकसारखे लागतात. ती पेटीच्या तळाशी राहील. तरी द्या, आजीचं मन मोडू नका. खाऊत शेंगाचटणी आणि कडक भाकरी टिकतात. डबा मोठा द्या, बराकीत एकट्यानं खायची पद्धत नसते. बाकी सुई-दोरा, कुलूप, मोजे, नेलकटर, बनियन यावर वेळ घालवू नका. हिंदीचा मात्र थोडा सराव हवा. आपली सोलापुरी हिंदी तिथे हसण्यावारी नेतील, त्याचं काही नाही. पण दोस्ताला ‘काय बे’ म्हणायची सवय इथेच ठेवून जा म्हणावं, तिकडे त्यावरून मारामारी होते.

अभ्यासाकडे घरचे साफ दुर्लक्ष करतात. आधी मिलिटरी ट्रेनिंग, मग टेक्निकल, हा क्रम असतो. दुसऱ्या भागात शरीररचना, प्रथमोपचार, शुश्रूषा, स्वच्छता, औषधांची नावं असं सगळं येतं आणि तिथेच पोरं दमतात. अकरावी-बारावीचं बायोलॉजी रद्दीत घालू नका. हाडं, रक्ताभिसरण, श्वसन एवढे धडे परत वाचून घेतले तरी फरक पडतो. ग्रॅमचं मिलिग्रॅम, मिलिग्रॅमचं मायक्रोग्रॅम हे गणित झोपेत आलं पाहिजे, कारण डोस तिथे चुकतो. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देताना मिनिटाला 100 ते 120 दाब, हा आकडा तुम्हीही पाठ करा. फोनवर तो काय सांगतोय ते थोडं तरी कळेल.

शेजारीपाजारी काय विचारणार तेही ठरलेलं आहे. ‘म्हणजे डॉक्टर झाला का?’ नाही. डॉक्टर घडवतं ते पुण्याचं फौजेचं मेडिकल कॉलेज, ए.एफ.एम.सी.; हा लखनौचा, डॉक्टरच्या बरोबरीनं जखमीजवळ पोचणारा. ‘मग बंदूक नाही ना?’ आहे. सैनिक आधी. 1949 च्या जिनिव्हा करारानुसार वैद्यकीय माणसांवर हल्ला करायला मनाई आहे, आणि तरीही स्वतःच्या व रुग्णाच्या बचावासाठी त्यांना शस्त्र बाळगता येतं. आजोबांना हे समजावायचं असेल तर सरळ भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकात घेऊन जा. 1910 साली सोलापुरात जन्मलेला माणूस 1938 मध्ये चीनला गेला आणि युद्धातल्या जखमींची सेवा करता करता 1942 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारला. मुलालाही दाखवून आणा. फक्त तिथे भाषण देऊ नका. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याच्या डोक्यावर एवढं ओझं पुरे.

फोन. ट्रेनिंगमध्ये मोबाईल रोज हातात नसतो; बऱ्याचदा रविवारी, तोही थोडा वेळ. त्या दहा मिनिटांत मामा, आत्या, चुलते सगळ्यांनी फोन हिसकावून घेतला तर त्याला बोलायला काही उरत नाही. कोणत्या रविवारी कोण बोलणार ते आधी ठरवून टाका. मधल्या दिवसांत पत्र लिहा, मराठीत, लहानसं. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा महत्त्वाचे कागद स्पीड पोस्टानंच जातील. पत्त्यावर त्याचा फौजेतला नंबर, कंपनी आणि प्लाटून (म्हणजे त्याची तुकडी) पूर्ण लिहा. कंपनी ऑफिसचा नंबर भिंतीवर चिकटवून ठेवा. घरात खरंच गंभीर काही घडलं तर तिथे कळवा आणि दवाखान्याचे कागद तयार ठेवा. ‘तुमच्या मुलाचा अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा’ असा फोन आला तर ठेवून द्या आणि त्या भिंतीवरच्या नंबरावर खात्री करा. वर्दीतले फोटो, गेटचे फोटो, ‘आज इथे आहे, उद्या तिथे’ असले मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणं बंद. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तो पहिल्यांदाच नसेल. नंदीध्वजांचा व्हिडिओ जपून ठेवा, रविवारी पाठवा.

हॉस्पिटलमधल्या ड्युटीचे दिवस सुरू झाले की त्याचा आवाज बदलतो. पहिला मृत्यू, पहिली मोठी जखम, कुणाचं तरी ओरडणं. तेव्हा ‘सोडून ये घरी’ नको आणि ‘रडायचं नसतं’ही नको. ‘मग तू काय केलंस?’ एवढा प्रश्न पुरतो. रुग्णाचं नाव, युनिट, आजार विचारू नका. त्यानं सांगायचं नसतं. तो गप्प बसला तर तुम्हीही बसा. सलग काही आठवडे झोप नाही, जेवण नाही असं कळलं तर वरिष्ठांशी किंवा तिथल्या डॉक्टरशी बोलायला त्याला सांगा.

शेवटी कसम परेड, म्हणजे शपथ घेण्याची परेड. तारीख बऱ्याचदा उशिरा पक्की होते आणि रेल्वेचं आगाऊ आरक्षण 60 दिवसांवर आलंय, त्यामुळे तत्काळची तयारी ठेवा. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडून घ्या, नाहीतर ऑनलाइन तत्काळ तिकीट निघत नाही. सोलापुरातून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई गाठून सकाळची लखनौची पुष्पक एक्स्प्रेस पकडा, किंवा कर्नाटक एक्स्प्रेसनं झाशीला उतरून पुढची गाडी घ्या. हिवाळा असेल तर धुक्यानं गाड्या तासन्‌तास रखडतात, एक दिवस हातचा ठेवूनच निघा. गेटवर आधार दाखवावं लागतं, मोबाईल जमा करून घेऊ शकतात.

आणि तो सुट्टीवर आला की पहिले दोन दिवस झोपू द्या. गल्लीतल्या सगळ्या मावश्या-काकूंची बीपी तपासायला रांग लागेल. त्याला प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही, हे त्यांना दारातच सांगून टाका.