डीआरची रेप्लिका लावताय? आधी बिनकिल्लीची टेबलं शोधा

मायएसक्यूएल डेटाबेसचा डीआर (डिझास्टर रिकव्हरी: मुख्य सर्व्हर, म्हणजे प्रायमरी, पडला तर दुसऱ्या जागी तयार असलेली त्याची चालू प्रत, म्हणजे रेप्लिका) म्हटलं की लोक थेट कॉन्फिगरेशनच्या फाइलला हात घालतात. ते काम अर्ध्या तासाचं आहे. बायनरी लॉग (बदलांची नोंदवही, तीच वाचून रेप्लिका बदल करते) चालू, दोन्हीकडे वेगळे सर्व्हर आयडी, लॉगचा फॉरमॅट 'रो'. मायआयसॅम या जुन्या स्टोरेज इंजिनची टेबलं उरली असतील तर इनोडीबीत आणा. जीटीआयडी (प्रत्येक ट्रान्झॅक्शनचा एकमेव ओळखक्रमांक) हवा असेल तर त्याची तपासणी आधी 'वॉर्न'वर, म्हणजे नुसत्या इशाऱ्यावर, ठेवा आणि एक महिनाअखेर तशीच जाऊ द्या. एरर लॉगमध्ये जे इशारे येतील ते निस्तरा, मगच पुढे.

जागेबद्दल एवढंच की नवी मुंबईतल्या म्हाप्याच्या प्रायमरीला ठाण्यात डीआर देऊ नका. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई, तिन्हीकडची वीज एकाच सकाळी गेली होती. आणि खाडीच्या दोन्ही काठांवर पाऊस तोच पडतो.

आता खरं दुखणं: प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) नसलेली, म्हणजे बिनकिल्लीची टेबलं. रो फॉरमॅटमध्ये बदल ओळीगणिक लॉगमध्ये उतरतो आणि रेप्लिकेला ती ओळ आपल्याकडे शोधावी लागते. की असेल तर लगेच सापडते. कुठलाच इंडेक्स नसेल तर अख्खं टेबल चाळायचं, आणि मायएसक्यूएल ५.७ मध्ये तर प्रत्येक ओळीसाठी पुन्हा पहिल्यापासून. ८.० मधल्या हॅश स्कॅनने (एका चाळणीत अनेक ओळी शोधायची पद्धत) त्रास कमी होतो, संपत नाही.

म्हाप्यात एका गोदामाच्या सिस्टिमवर मी हे भोगलंय. ५.७ होतं, मालाच्या हालचालींचं एक टेबल, त्याला की द्यायचं कधी कुणाला सुचलंच नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी जुन्या नोंदी काढणारी एकच डिलीट चालवली. प्रायमरीवर चार मिनिटांत काम झालं आणि मी कोपरखैरणे स्टेशनची रिक्षा पकडली. शनिवारी सकाळी लॅग, म्हणजे रेप्लिका मागे पडल्याचा वेळ, पन्नास हजार सेकंदांच्या वर. रेप्लिकेचा एक कोअर शंभर टक्क्यांवर, बाकीचे निवांत. नेटवर्कवाल्यांना दोन तास नाहक पिडलं. लिंक ठणठणीत होती. तुम्हालाही असा एकच कोअर पेटलेला दिसला तर लिंकच्या मागे लागू नका, टेबल बघा.

म्हणून इन्फर्मेशन स्कीमाला (मायएसक्यूएलची स्वतःच्या टेबलांची माहिती) विचारून बिनकिल्लीच्या टेबलांची यादी काढा. नल न घेणारी युनिक की असेल तर रेप्लिकेचं भागतं. बाकीच्यांना ऑटो इन्क्रिमेंटचा कॉलम देऊन त्यालाच प्रायमरी की करा, आणि हे रेप्लिकेची प्रत काढण्याआधी करा. रेप्लिकेशन चालू असताना तो कॉलम जोडलात तर दोन्हीकडे ओळींना आकडे एकाच क्रमाने पडतील याची खात्री नाही. म्हणजे इकडची ५०१ नंबरची ओळ तिकडे ५०७ असू शकते, आणि रेप्लिका मुकाट्याने भलतीच ओळ पुसेल. लॅग परवडला, हे नाही.

हा कॉलम जोडताना टेबल नव्याने बांधलं जातं आणि तोवर त्यात लिहिता येत नाही, तेव्हा रात्रीची वेळ मागून घ्या. ॲपमध्ये कॉलमची नावं न देता केलेले इन्सर्ट असतील तर ते सकाळी आपटतील. ८.०.२३ पासून कॉलम अदृश्य ठेवता येतो, तो ठेवा.

"८.०.३० मध्ये की आपोआप बनवायचं सेटिंग आलंय, ते चालू करा की झालं" हा सल्ला मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी देतं. ते सेटिंग फक्त नव्याने बनणाऱ्या टेबलांना लागतं. तुमची जुनी टेबलं होती तशीच राहतात. नवीन कुणी बिनकिल्लीचं टेबल बनवू नये म्हणून 'प्रायमरी की हवीच' हे सेटिंग चालू करा. ते ८.०.१३ पासून आहे.

पुढचं सरळ आहे. एक्स्ट्राबॅकअपने किंवा क्लोन प्लगिनने प्रत न्या, रेप्लिका जोडा, तिच्यावर सुपर रीड ओन्ली लावा, म्हणजे ॲडमिनलाही चुकून त्यात लिहिता येणार नाही. ॲपचे डेटाबेस युजर प्रायमरीकडच्या ॲप सर्व्हरच्या आयपीला बांधलेले असतील तर डीआरकडच्या ॲप सर्व्हरचे आयपीही आत्ताच जोडा, नाहीतर ड्रिलच्या (डीआरच्या रंगीत तालमीच्या) दिवशी डेटाबेस चालू आणि लॉगिन बंद. शेड्यूल केलेले इव्हेंट रेप्लिकेवर बंद असतात. डीआर वर घेतल्यावर ते हाताने चालू करावे लागतात, हे रनबुकात (अशा वेळी करायच्या पायऱ्यांच्या वहीत) लिहा.

रेप्लिका स्वतः दाखवते त्या 'किती सेकंद मागे' या आकड्यावर विसंबू नका. लिंक मंद असेल आणि लॉगच उशिरा पोहोचत असेल तर तिथे शून्य दिसू शकतं. प्रायमरीवर एका छोट्या टेबलात दर सेकंदाला वेळ लिहा, रेप्लिकेवर ती वाचून घड्याळाशी ताडा, आणि दोन्ही सर्व्हरची घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची सोय) आहेत ना, ते आधी बघा.