लोगो बदलायचाय? आधी जुन्यातलं काय ठेवायचं ते ठरवा

क्लायंट म्हणतो "लोगो जुनाट वाटतोय, जरा फ्रेश करून द्या", आणि आपण लगेच लॅपटॉप उघडून पिंटरेस्ट बघत बसतो. मीही बरीच वर्षं हेच केलं. मग एका मसालेवाल्यांचं काम आलं. पिवळं पाकीट, कोपऱ्यात हिरवा पोपट, चोचीत लाल मिरची, चित्र अगदी साधं आणि छपाईत रंगसुद्धा थोडे सरकलेले असायचे. मी पोपट काढून टाकला, पाकीट पांढरं केलं, बारीक सुंदर फॉन्ट लावला, मालकांनाही आवडलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन, की दुकानात लोक पोपटवाला मसाला मागतायत आणि नवीन पाकीट पुढे केलं की "हा नको, नेहमीचा द्या" म्हणतायत. आत मसाला तोच होता हो! पोपट परत आणला, पण तोवर त्यांचं नुकसान झालं होतं आणि ते मला अजून लागतं.

म्हणून आता पहिलं काम दुकानात जाऊन करायचं, स्क्रीनवर नाही. आठ-दहा नेहमीच्या गिऱ्हाइकांना कोरा कागद आणि स्केचपेनं द्या आणि म्हणा, न बघता पाकीट कसं दिसतं ते काढा. चित्र वाकडंतिकडं येऊ दे, पण कुठला रंग उचलतात, काय सगळ्यात आधी काढतात, काय कोणालाच आठवत नाही हे नीट टिपून ठेवा. जे सगळ्यांच्या कागदावर आलं त्याला हात लावायचा नाही. जे कोणाच्याच कागदावर नाही ते बिनधास्त काढून टाका.

ही चूक फक्त आपल्यासारख्या छोट्या लोकांची होते असंही नाही. अमेरिकेत 2009 च्या सुरुवातीला ट्रॉपिकाना ज्यूसच्या खोक्यावरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढून ज्यूसचा ग्लास टाकला, अक्षरं पण बदलली, तर दोन महिन्यांच्या आत विक्री 20 टक्क्यांच्या आसपास पडली आणि जुनं खोकं परत आणावं लागलं. 2010 मध्ये गॅप या कपड्यांच्या ब्रँडने निळा चौकोन सोडून नवा लोगो आणला, लोक इतके चिडले की आठवड्याभरात मागे घेतला.

याच्या उलट मास्टरकार्ड बघा. लाल आणि पिवळी अशी एकमेकांवर चढलेली दोन वर्तुळं 1968 पासूनची. 2016 मध्ये पेंटाग्राम या डिझाइन कंपनीने काम केलं तेव्हा वर्तुळं तशीच ठेवली, मध्ये ज्या आडव्या पट्ट्या एकमेकांत घुसलेल्या होत्या तिथे साधा सपाट केशरी रंग भरला आणि नाव बाहेर काढून खाली ठेवलं. मग 2019 मध्ये नावच काढून टाकलं, कारण नाव नसतानाही 80 टक्क्यांहून जास्त लोकांना चिन्ह ओळखू येतंय हे आधी तपासलं होतं. नवशिक्यांना मी हेच उदाहरण सगळ्यात आधी दाखवतो. यात नवीन असं काही काढलंच नाहीये, फक्त एकेक गोष्ट कमी करत गेलेत, आणि ते करायला जास्त हिंमत लागते.

दुसरं, लोक तोंडाने काय म्हणतात ते ऐका. फेडेक्स या अमेरिकन कुरिअर कंपनीचं पूर्ण नाव फेडरल एक्सप्रेस, पण लोक फेडेक्सच म्हणायचे. 1994 मध्ये लँडोर या डिझाइन कंपनीत लिंडन लीडरने लोगो केला तेव्हा हेच छोटं नाव घेतलं. नाव छोटं झालं की गाडीवर अक्षरं मोठी बसतात, लांबून दिसतात. आणि तो बाण! मोठा ई आणि शेवटचा एक्स यांच्या मधल्या पांढऱ्या जागेत बाण दिसतो ना, तो कुठल्याच फॉन्टमध्ये तयार मिळत नव्हता, युनिव्हर्स आणि फ्युचुरा या दोन्हींचे गुण घेऊन अक्षरं नव्याने आखली तेव्हा कुठे तो नैसर्गिक दिसायला लागला. आपल्या कामातही हे करून बघा, अक्षरं मोठी प्रिंट काढून भिंतीला लावा आणि काळ्याकडे न बघता मधल्या पांढऱ्याकडे बघा.

बदलायचं कारण पण क्लायंटकडून एका वाक्यात लिहून घ्या. यूटीआय बँकेची 2007 मध्ये ॲक्सिस बँक झाली कारण यूटीआय हे नाव इतर संस्थाही वापरत होत्या, हे झालं खरं कारण. "कंटाळा आला" हे कारण नाही, कारण मालक रोज बघतो म्हणून कंटाळतो, गिऱ्हाईक महिन्यातून एकदा बघतं. जुन्या फाइल्सही उघडा. बर्गर किंगने 2021 मध्ये निळी चकाकती कमान काढून साधारण 1969 च्या लोगोसारखाच पावात नाव बसवलेला लोगो परत आणला आणि तो आजचा वाटतो.

आता प्रत्यक्ष काढताना पहिले सगळे पर्याय काळ्या-पांढऱ्यात, रंग शेवटी. प्रत्येक पर्याय फेव्हिकॉनएवढा, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसणाऱ्या छोट्या चित्राएवढा, 16 पिक्सेलचा करून बघा, रबर स्टँप करून बघा, आणि प्रिंट रस्त्यापलीकडे धरायला लावून बघा. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत लागतं आणि ते दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही, त्यामुळे देवनागरी लोगो सुरुवातीपासून सोबतच काढा. नाहीतर शेवटी पाटीवाला त्याच्याकडचा कुठलातरी फॉन्ट टाकतो आणि सगळी मेहनत वाया. वेलांट्या आणि रफार यांना वर जागा लागते, तेवढी आधीच सोडा. 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्यांचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट फुकट आहेत, सुरुवातीला ते घेऊन अक्षरांवर काम करा.

नाव नवीन असेल तर ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर आधी शोधा, तिथे मालाचे वर्ग म्हणजे क्लास असतात, मसाले क्लास 30 मध्ये येतात.

आणि छपाईचा हिशोब डिझाइन दाखवायच्या आधी मांडा. पाऊच ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने छापले जात असतील तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, म्हणजे सहा रंग तर सहा सिलिंडर नवीन. गोडाऊनमध्ये जुना पाऊच किती महिन्यांचा पडलाय ते विचारा, तो संपत येईल तेव्हाच नवीन सोडा, आणि पहिले दोन-तीन महिने नव्या पाकिटावर जुन्या पाकिटाचा छोटा फोटो टाकून "तोच मसाला, नवीन पाकीट" असं मोठ्या अक्षरात लिहा. दुकानदारांना मात्र त्याआधीच स्वतः जाऊन दोन्ही पाकिटं शेजारी-शेजारी ठेवून दाखवा, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न त्यांनाच विचारणार आहे.