क्लच खोलायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं

गाडी नुसती रेस व्हायलीय, ओढत नाही, डबल सीट चढाला तर जीवच सोडायली, म्हणून लगेच पाने हातात घेऊ नका. आधी क्लच लिव्हरच्या टोकाला किती ढिल आहे ते बघा, १० ते २० मिलिमीटर पायजे. केबल ताणून बसली असली तर नव्या प्लेटा पण घसरतात, अन् ते काम पाच मिनिटांचं आहे. ढिल बरोबर असून घसरत असंल तरच खोला. हे मी स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाड्यांचं सांगायलो, आमच्या परभणीकडं घरटी तीच.

जागा सगळ्यात आधी ठरवा. अंगणात नको, फुफाटा उडतो, ओसरीवर गोणपाट टाका अन् वर जुनी पांढरी चादर, कारण पडलेला वायसर पांढऱ्यावर दिसतो. मी पहिल्यांदा मातीवर बसून खोललं अन् एक पातळ वायसर काळ्या मातीत गेला तो गेलाच, दोन दिवस इंजिन तसंच उघडं, वर फडकं टाकून. मृग लागायच्या आत उरका, पेरणी सुरू झाली की गाडीशिवाय एक दिवस निघत नाही.

पाने ८, १०, १२, १४, १७ चे. ऑइलचा नट १७ चा, खाली जुनी परात ठेवा, इंजिन थोडं गरम असताना सोडा म्हणजे सगळा गाळ निघतो. कव्हरचे बोल्ट लहानमोठे असतात, पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याचा त्याच जागी खोचून ठेवा, लांब बोल्ट आखूड जागी गेला तर आटा जातो. मधलं हब, म्हणजे ज्यावर प्लेटा बसतात ते, काही गाडीत लॉकवर (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीवर) असतं तर काहीत चार खाचांच्या नटावर, पार्टच्या दुकानात मॉडेल सांगून आधीच विचारा अन् लॉकची पक्कड किंवा खाचांचा बॉक्स पाना आणून ठेवा. छिन्नी-हातोडी लावू नका, खाचा उडाल्या की नट निघतच नाही.

प्लेटा नव्या आणल्या की रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळतात. स्प्रिंग अन् कव्हरचं पॅकिंग पण नवीनच घ्या. ऑइल डब्यावर जासो एमए (ऑइलात बुडालेल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठीचा दर्जा) लिहिलेलंच, कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो, मग प्लेटा कितीही चांगल्या असू द्या.

आता गिअरबॉक्स पण खोलायचा असंल तर. क्लच अर्ध्या दिवसाचं काम, पण गिअर बाहेर काढायचे म्हणजे इंजिन फ्रेममधून उतरवून हेड, ब्लॉक, मॅग्नेट (वीज तयार करणारं फिरतं चाक) काढून इंजिनची केस, म्हणजे बाहेरचं कवच, दोन भागांत फोडावी लागते, हे आधीच मनाशी पक्कं करा. मॅग्नेट ओढून काढायचा पुलर पायजे, पॅकिंगचा पूर्ण सेट, ऑइल सील, पिस्टन पिनचे नवे लॉक, अन् इंजिन उचलायला एक माणूस. केसच्या फटीत पेचकस घालून उचकटू नका, ओरखडा पडला की ऑइल झिरपत राहतं, प्लास्टिकच्या हातोडीनं सगळीकडून हळूहळू ठोका. केस उघडली की कशालाही हात लावायच्या आधी शाफ्ट अन् गिअर बदलणारे ड्रम, फोर्क यांचे चारी बाजूंनी फोटो काढा, अन् गिअर सुतळीत ओवा, वायसरसकट, निघाले त्याच क्रमानं. मोबाईल आदल्या रात्री चार्ज करा, आमच्याकडं लाईट दुपारी हमखास जाते.