लिनक्सवर वायफाय डोंगल चालत नाही : हार्डवेअर सपोर्टच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी

हार्डवेअर सपोर्टच्या कामाला नव्याने लागलेल्यांना लिनक्सच्या संगणकावर यूएसबी वायफाय डोंगल चालवून देणे हे किरकोळ काम वाटते, आणि नेमके तेच काम त्यांचा अख्खा दिवस खाते. टर्मिनल उघडता येते, पॅकेज बसवता येते आणि सुडो कशासाठी वापरतात हे ठाऊक आहे, असे मी गृहीत धरते. त्यापुढचे जे मला सुरुवातीला कोणी सांगितले नाही, तेवढेच येथे लिहिते आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी फोन केबलने संगणकाला जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट केबलने संगणकाला देण्याची सोय, सुरू करावे. इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर मिळत नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट मिळत नाही, हा तिढा एवढ्याने सुटतो. पेनड्राइव्हवरून एकेक पॅकेज आणत बसणाऱ्यांचे मला अजूनही नवल वाटते.

डोंगलच्या खोक्यावरील नावावरून काहीही ठरवू नये, कारण ड्रायव्हर खोक्यावरच्या कंपनीसाठी नसतो, आतल्या चिपसाठी असतो, आणि नाव तेच ठेवून चिप बदलण्याची पद्धत या धंद्यात जुनी आहे. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असल्याने डोंगल लावताच चालत असे. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली आणि पहिल्या आवृत्तीसाठी लिहिलेला सल्ला तिच्या बाबतीत निरुपयोगी ठरला. खोक्यावर छापलेला ६०० असा वेगाचा आकडाही दोन्ही बँडच्या (लहरींच्या पट्ट्यांच्या) वेगांची, म्हणजे साधारण १५० आणि ४३३ यांची, गोळाबेरीज असते. खरी ओळख एलएसयूएसबी या, जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणाऱ्या, कमांडने मिळते. तिच्या उत्तरात चार-चार अक्षरांची जोडी दिसते, तिच्यातला पहिला भाग उत्पादकाचा आणि दुसरा वस्तूचा असतो. ०बीडीए दिसले की उत्पादक रिअलटेक आहे असे समजावे.

आता ज्या सापळ्यात मी स्वतः सर्वांत जास्त काळ अडकले होते, त्याविषयी सविस्तर लिहिते. रिअलटेकच्या आरटीएल८८११सीयू आणि आरटीएल८८२१सीयू या चिप असलेले अनेक स्वस्त डोंगल संगणकाला लावल्यावर आपण वायफाय आहोत असे सांगतच नाहीत. ते स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवून घेतात. त्या खोट्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो आणि तो एकदा बसला की विंडोजवर डोंगल आपले खरे रूप धारण करतो. लिनक्सवर मात्र एलएसयूएसबीमध्ये ०बीडीए:१ए२बी असा क्रमांक दिसतो, फाइल मॅनेजरमध्ये एक डिस्क उगवते आणि वायफायचा कोठेही पत्ता नसतो. एअरटेल, रिलायन्स किंवा टाटाची डेटा कार्डे ज्यांनी वापरली आहेत त्यांना ही युक्ती आठवेल, आणि तिच्यावरचा उपाय असलेले यूएसबी-मोडस्विच हे साधनही मुळात तशाच थ्रीजी मोडेमसाठी तयार झाले होते.

येथे गोंधळ असा होतो की ड्रायव्हर उतरवून घेतला जातो, तो एकही चूक न दाखवता कंपाइल होतो, ड्रायव्हर मेमरीत चढवणारी मॉडप्रोब ही कमांड तक्रार करत नाही आणि चढलेले ड्रायव्हर दाखवणाऱ्या एलएसमॉडच्या यादीत त्याचे नावही दिसते, म्हणून ड्रायव्हरचाच काही दोष असावा असे वाटून माणूस तोच ड्रायव्हर काढतो आणि पुन्हा बसवतो, मग दुसऱ्या कोणाचा तरी आणून बसवतो. ड्रायव्हर निर्दोष असतो. त्याच्या यादीत सी८११ किंवा सी८२० असे क्रमांक असतात आणि समोर मात्र १ए२बी उभा असतो, त्यामुळे तो त्या वस्तूला हातच लावत नाही. ड्रायव्हर मेमरीत चढणे आणि त्याने डोंगल ताब्यात घेणे या दोन निराळ्या घटना आहेत. एलएसयूएसबीला टी हा पर्याय दिला की प्रत्येक वस्तूपुढे तिचा ड्रायव्हर कोणता ते दिसते, आणि डोंगलपुढे यूएसबी-स्टोरेज असे लिहिलेले असेल तर निदान तेथेच झाले.

उपाय सोपा आहे. त्या डिस्कसमोरचे इजेक्टचे चिन्ह दाबून पाहावे. बऱ्याच वेळा डोंगल क्षणभर नाहीसा होतो आणि नव्या क्रमांकाने परत येतो. कायमच्या सोयीसाठी यूएसबी-मोडस्विचचे पॅकेज बसवावे, म्हणजे ही अदलाबदल आपोआप होऊ लागते. पॅकेज जुने असून त्याला हा क्रमांक ठाऊक नसेल तर युडेव्हचा, म्हणजे वस्तू जोडली जाताच काय करायचे ते ठरवणाऱ्या व्यवस्थेचा, एक नियम लिहावा लागतो. १ए२बी हा क्रमांक रिअलटेकच्या एकाहून अधिक चिप वापरतात, म्हणून रूप बदलेपर्यंत चिप कोणती याचा अंदाजही बांधू नये आणि ड्रायव्हर तर मुळीच उतरवू नये.

खरा क्रमांक मिळाल्यावर पुढचा प्रश्न कर्नलचा आहे. सीयू मालिकेसाठी आरटीडब्ल्यू८८ या ड्रायव्हरमधील यूएसबीची सोय २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ६.२ या कर्नलपासून मिळते. उबुंटू २२.०४ मूळच्या ५.१५ कर्नलवर चालत असेल तर ती मिळणार नाही, २४.०४ मधील ६.८ वर मिळेल. नावातले एक अक्षर बदलून आरटीएल८८२१एयू झाले तर हिशेबही बदलतो, कारण तिला त्या ड्रायव्हरचा आधार ६.२ नंतर बऱ्याच काळाने मिळाला. माझे ठाम मत असे आहे की शक्य असेल तेथे बाहेरचा ड्रायव्हर आणण्याऐवजी कर्नल नवा घ्यावा. व्हिडिओतल्या कमांड सुडो लावून जशाच्या तशा चिकटवणे हा तर शुद्ध आळस आहे, आणि त्याची किंमत दोन ड्रायव्हर एकाच डोंगलवर हक्क सांगू लागल्यावर मोजावी लागते.

बाहेरचा ड्रायव्हर टाळता येतच नसेल तर तो डीकेएमएसमधूनच, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा कंपाइल करणाऱ्या साधनातूनच, बसवावा आणि कर्नलच्या हेडर फाइलींचे पॅकेज सोबत ठेवावे, नाहीतर पुढच्या अपडेटनंतर वायफाय गेले म्हणून तोच ग्राहक परत येतो. मॉडप्रोबने चावी नाकारल्याची तक्रार केली तर अडथळा सिक्युअर बूटचा, म्हणजे संगणक सुरू होताना फक्त ओळखीच्या चावीने सही केलेले सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीचा, आहे. बसवताना विचारलेला पासवर्ड लक्षात ठेवावा, कारण संगणक पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि त्यावर १० सेकंदांत कोणतीही कळ दाबली नाही तर ड्रायव्हरच्या चावीची नोंदणी राहून जाते. सिक्युअर बूट सरसकट बंद करायला सांगणाऱ्या वरिष्ठांपासून सावध राहावे. घरच्या संगणकावर ते चालेल, परंतु त्याच यंत्रावर विंडोज असून बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, सुरू असेल तर विंडोज रिकव्हरी की मागते, आणि ती ग्राहकाकडे नसली की डोंगलचे काम कोणाच्याही लक्षात राहत नाही.

हे सगळे वाचून घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा बिघाड यांपैकी एकाच ठिकाणी असतो आणि कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेज या कमांडच्या शेवटच्या वीस-पंचवीस ओळी तो सांगून टाकतात. फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाइल उघडताना उणे २ ही चूक दिसली तर फाइल सापडली नाही एवढाच तिचा अर्थ असतो, आणि डेबियनवर रिअलटेकच्या फर्मवेअरचे पॅकेज बसवले की प्रश्न मिटतो. नेटवर्क दिसते पण सारखे तुटते, अशी तक्रार असेल तर डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टमधून काढून हातभर लांबीच्या एक्स्टेंशन केबलवर लावून पाहावा, कारण त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या बँडमध्येच येतो.

शिकवणाऱ्यांबद्दल एवढेच म्हणेन की तुमच्या हातातला कीबोर्ड ओढून घेऊन दोन मिनिटांत काम करून देणाऱ्यापेक्षा, आधी एलएसयूएसबीचे उत्तर वाचून दाखव असे सांगून बाजूला उभा राहणारा माणूस तुमच्या जास्त उपयोगाचा आहे. फॉरमॅट मार म्हणणाऱ्याकडे तर पुन्हा जाऊच नये.

संगणक परत देण्यापूर्वी तो रीस्टार्ट करून थांबू नये. पूर्ण बंद करावा, विजेचे मुख्य बटण बंद करावे, थोड्या वेळाने सुरू करावा आणि डोंगल काढून दुसऱ्या पोर्टमध्येही लावून पाहावा, कारण हाताने इजेक्ट केलेला डोंगल वीज गेल्यावर पुन्हा सीडी होऊन बसतो आणि रीस्टार्टमध्ये हे नेहमीच उघडकीला येत नाही. मग कामाच्या वहीत डोंगलचे दोन्ही क्रमांक, कर्नलची आवृत्ती आणि ड्रायव्हर कोठून आणला याची नोंद करावी.