ओंडक्यांचं घर बांधताय? खिडकीवर तीन इंच रिकामे ठेवा

आमचं घर कॅनडात आहे, ऑन्टारिओ प्रांतातल्या ओटावा नदीच्या खोऱ्यात. बांधायला तीन उन्हाळे लागले. राबणारे पाच जण: मी, नवरा, धाकटे दीर, तेव्हा चौदा वर्षांची असलेली आमची लेक आणि राजापूरहून आलेले सासरे. सासऱ्यांचा सगळा जन्म सुतारकीत गेलेला. असं घर हाताने बांधायचं कुणाच्या मनात असेल, तर आम्हाला जे उशिरा कळलं ते आधीच सांगते.

ओलं लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, जाडीत मात्र भरपूर आटतं. भिंतीत ओंडके आडवे, एकावर एक रचलेले. म्हणजे वाळताना भिंतीची उंची कमी होत जाते. ओल्या ओंडक्यांना फुटामागे पाऊण इंच धरतात. नऊ फुटी भिंत असेल तर पावणेसात इंच! हा हिशेब डोक्यात ठेवूनच पुढचं प्रत्येक काम करा.

झाडं हिवाळ्यात पाडा. बर्फावरून ओढताना ओंडके खरचटत नाहीत. या खोऱ्यात पांढरा पाइन मिळतो, सरळ आणि मऊ. फेब्रुवारीत पाडलेल्या ओंडक्यांची साल आम्ही एप्रिल-मे महिन्यांत दोन मुठींच्या सुरीने ओढून काढली. साल तशीच ठेवून उन्हाळा येऊ दिलात, तर तिच्याखाली भुंगे शिरतात आणि निळी बुरशी धरते. सोललेले ओंडके जमिनीवर टाकू नका, खाली आडवी लाकडं देऊन सावलीत रचा.

ओंडका निवडताना पीळ बघा. उजवा तळवा ओंडक्यावर ठेवायचा, बोटं लांबीच्या दिशेने. लाकडाच्या रेषा अंगठ्याकडे वळत असतील तर तो डावा पीळ. असं लाकूड वाळताना फार मुरडतं. सासऱ्यांनी असे अकरा ओंडके बाजूला काढले आणि त्यातला एकही भिंतीत घेऊ दिला नाही. मला तेव्हा जिवावर आलं होतं. त्या ओंडक्यांची आम्ही लाकडं ठेवायची शेड केली, आणि तिच्या भिंती आज डोळ्यांनी दिसतील इतक्या पिळवटल्या आहेत.

पायासाठी आम्ही पाच फूट खणलं, कारण इथे जमीन खोलवर गोठते आणि गोठली की फुगून पाया उचलते. जोतं जमिनीपासून दोन फूट वर घेतलं. छपराची वळचण तीन फूट पुढे काढली. हा आग्रह सासऱ्यांचा. “पागोळी भिंतीवर उडता नये, बाकी तुमचं काय ते करा,” असं ते रोज म्हणायचे. ओंडक्यांच्या घराचा खरा शत्रू पाणी आहे, थंडी नव्हे.

आता रचाई. एका थरात बुडखा पूर्वेला असेल तर वरच्या थरात पश्चिमेला, म्हणजे भिंत दोन्हीकडे सारखी चढते. कोपऱ्यातली खाच नेहमी वरच्या ओंडक्याला, तोंड खाली करून. वर तोंड असलेल्या खाचेत पाणी साचून लाकूड कुजतं. वरचा ओंडका आधी जागेवर ठेवायचा, पाचरीने अडकवायचा आणि दोन टोकांच्या, पाणसळ लावलेल्या कंपासने खालच्या ओंडक्याचा उंचसखलपणा त्याच्यावर आखायचा. कंपास एकदा जुळवला की त्या ओंडक्यापुरता हलवायचा नाही. मग ओंडका उलटा करून चेनसॉने आणि पटाशीने त्या रेषेपर्यंत पन्हळ कोरायची आणि आत मेंढीची लोकर भरायची. आमची लेक या आखणीत इतकी तयार झाली की तिसऱ्या थरापासून कंपास तिच्याच हातात असायचा. एक ओंडका नीट बसवायला आमचा अख्खा दिवस जाई.

प्रत्येक ओंडक्याच्या पाठीवर, वरचा थर जिथे झाकेल तिथे, जाडीच्या चौथाईइतका खोल लांब काप द्या. लाकूड तडकणारच, ते मग या कापात तडकतं आणि बाहेरच्या अंगाला भेगा कमी पडतात. विजेच्या तारांसाठी उभी भोकंही थर चढतानाच पाडा.

चोवीस फुटी, फूटभर जाडीचा ओला ओंडका तीनशे किलोंच्या आसपास भरतो. तो आम्ही दोन तिरप्या लाकडांवरून दोरांनी वर लोटला. दोराचं एक टोक वर बांधायचं, दोर ओंडक्याखालून घेऊन दुसरं टोक वरून ओढायचं; जोर निम्मा लागतो. त्या वेळी खाली कुणीही उभं राहायचं नाही.

आमची मोठी चूक स्वयंपाकघरातल्या खिडकीत झाली. चौकट हलू नये म्हणून मी आणि दिरांनी ती दोन्ही बाजूंच्या ओंडक्यांना स्क्रूने आवळली. पुढच्या वसंतात खिडकी उघडेना, आणि शेजारच्या दोन थरांमधून उजेड दिसू लागला. बाकी भिंत खाली बसत होती आणि तिथले ओंडके चौकटीवर लटकले होते. सगळं उसकटावं लागलं. बरोबर रीत अशी: भिंतीत खिडकीचा गाळा कापल्यावर ओंडक्यांच्या टोकांत उभी खाच पाडा, तिच्यात उभी पट्टी नुसती सरकवा आणि चौकट फक्त त्या पट्टीला जोडा. चार फुटी खिडकीच्या वर तीन इंच, सात फुटी दाराच्या वर सव्वापाच इंच मोकळे सोडा, लोकर भरा आणि बाहेरून फळीने झाका. फळी वरच्या ओंडक्याला ठोका, चौकटीला नको.

भिंत खाली बसते, पण उभे खांब बसत नाहीत, दगडी धुराडंही बसत नाही. म्हणून प्रत्येक खांबाखाली स्क्रू-जॅक, म्हणजे फिरवून खाली उतरवता येणारा टेकू, हवा, आणि धुराड्याभोवतीचा पत्रा सरकता हवा. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी जॅक तपासा, पुढे वर्षातून दोनदा.

आमच्या मधल्या खांबाशेजारी भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, प्रत्येकीपुढे सासऱ्यांच्या अक्षरात तारीख. गेल्या दोन तारखा लेकीने लिहिल्या आहेत. जॅक आतापर्यंत सहा इंच उतरलाय, अजून पाऊण इंच शिल्लक आहे.