जुना पायथन प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालेना? या चुका टाळा

जुन्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारा प्रोग्रॅम नव्या मशीनवर टाकला की स्क्रीनभर एरर येते. हौसेने कोड लिहिणारे बरेच जण इथेच नाद सोडतात, कारण शेजारी विचारायला सीनियर नसतो. पण अशा वेळी कोड बहुतेकदा बरोबर असतो, फक्त व्हर्जन जुळत नसतात. एरर वाचायची ती खालून. खरं कारण शेवटच्या ओळीत असतं.

नवं पायथन आलं की लगेच घेणं

दर ऑक्टोबरमध्ये पायथनचं नवं व्हर्जन येतं. नमपायसारख्या (आकडेमोडीच्या) लायब्ररींमध्ये, म्हणजे आयत्या कोडच्या संचांमध्ये, सी भाषेतला कोड असतो आणि तो सहसा प्रत्येक व्हर्जनसाठी वेगळा बांधावा लागतो. तुमच्या व्हर्जनची तयार फाइल मिळाली नाही, की पिप (लायब्ररी बसवणारा पायथनचा प्रोग्रॅम) ती लायब्ररी तुमच्याच मशीनवर बांधायला घेतं आणि विंडोजवर 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० हवं' असा निरोप येतो. मग लोक काही जीबींचं डाउनलोड लावून बसतात. त्याआधी पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून लायब्ररी आणतं त्या साइटवर, त्या लायब्ररीच्या फाइलींची यादी उघडा. नावात 'सीपी३११' असेल तर ती पायथन ३.११ साठी आहे. तुमचा आकडा दिसत नसेल तर एक व्हर्जन मागे या, काम पाच मिनिटांत होतं. नावातलं 'एएमडी६४' पाहून इंटेलवाल्यांनी बिचकू नये, ती फाइल त्यांनाही चालते. आणि मशीनवर विंडोज ७ असेल तर ३.८ च्या पुढचं पायथन बसतच नाही, तिथे खटपट करू नका.

पिप एकाचं, पायथन दुसऱ्याचं

'इन्स्टॉल तर केलंय, तरी मॉड्यूल सापडत नाही म्हणतो' ही तक्रार नेहमीची. मशीनवर दोन-तीन पायथन असतात, पिप एकात सामान टाकतं आणि प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालतो. प्रोग्रॅममध्येच 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' प्रिंट करून नेमकं कोणतं पायथन चालतंय ते बघा, आणि पिप नेहमी त्याच पायथनच्या 'डॅश एम'ने (पायथन -m पिप) चालवा.

उबुंटू २३.०४ किंवा डेबियन १२ पासून पुढे पिप 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' (हे पायथन सिस्टिम सांभाळते) म्हणून नकार देतं. 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' लिहून तो नकार मोडू नका. त्याच पायथनवर सिस्टिमची स्वतःची कामं चालतात. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व्ह, म्हणजे लायब्ररींचा स्वतंत्र कप्पा, करा.

एकदम सगळं अपग्रेड करणं

जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं आणि १.x वर बांधलेल्या अनेक लायब्ररी अडल्या. अशा वेळी 'नमपाय<२' असं सांगून मागे यायचं, पण ते अवतरण चिन्हांत लिहून. नाहीतर टर्मिनल त्या '<' चा भलताच अर्थ लावतं. पायथन ३.१२ मधून 'डिस्टयूटिल्स' हे लायब्ररी बांधण्याचं जुनं मॉड्यूल काढून टाकलं आहे. ते सापडत नाही अशी एरर आली तर 'सेटअपटूल्स' बसवा, बहुतेकदा भागतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलण्याआधी 'पिप फ्रीझ'ची यादी (बसवलेल्या लायब्ररी आणि त्यांची व्हर्जन) फाइलमध्ये ठेवा.

मराठी मजकुराची फाइल

हा घोळ आपल्याकडे हमखास होतो आणि इंग्रजीतल्या धड्यांमध्ये तो क्वचितच सांगितलेला असतो. लिनक्सवर चालणारा प्रोग्रॅम विंडोजवर मराठी फाइल उघडताना 'चारमॅप'ची एरर देतो. इंग्रजी सेटिंगच्या विंडोजवर पायथन फाइल सीपी१२५२ (इंग्रजी व पश्चिम युरोपीय अक्षरांचा जुना तक्ता) समजून वाचतं, आणि त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत. मराठी फाइल सहसा यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत असते, आणि तिथे एका अक्षराला तीन बाइट लागतात. पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट ८१, हलंताचा ८डी. हे दोन्ही त्या रिकाम्या जागांवर पडतात. म्हणून फाइलमध्ये 'पुणे' असेल तर प्रोग्रॅम थांबतो, आणि नुसतं 'नागपूर' असेल तर एरर न येता मुकाट्याने अगम्य अक्षरं वाचली जातात. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो लक्षातच येत नाही आणि तोच कचरा पुढे सेव्ह होतो. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हाच डिफॉल्ट ठरवला आहे. तोवर 'ओपन' लिहिताना प्रत्येक वेळी एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून काढलेल्या फाइलच्या सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह असतं, त्यामुळे पहिल्या कॉलमचं नाव डोळ्यांना बरोबर दिसूनही जुळत नाही. तिथे 'यूटीएफ-८-सिग' वापरा.